क्लोदीन तेव्हने : क्षमेतून उभी राहिलेली शाळा

'कॉन्व्हेंट' हा शब्द आपल्याकडे फार वापरला जातो. लग्नाच्या जाहिरातीत 'कॉन्व्हेंट शिकलेली' असं लिहितात, आणि त्याचा अर्थ फाडफाड इंग्रजी आणि बरं घराणं असा घ्यायचा असतो. पुण्याच्या लष्कर भागात आणि मुंबईत भायखळ्याला 'कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी' या नावाच्या शाळा आहेत. त्यांच्या पाट्या आपण अनेकदा वाचल्या असतील. पण हे काम कुठून सुरू झालं? एका रेशमाच्या मागापासून. ती गोष्ट आज आपण बघणार आहोत.

क्लोदीन तेव्हने यांचा जन्म ३० मार्च १७७४ रोजी फ्रान्समधल्या लियों शहरात झाला. लियों म्हणजे रेशमाचं शहर, आणि वडीलही रेशमाचे व्यापारी. सात भावंडांत क्लोदीन दुसऱ्या. तेव्हा घरी खाऊनपिऊन सुखी होतं. मग फ्रेंच राज्यक्रांती झाली. १७९३ मध्ये लियोंनं पॅरिसच्या सत्तेविरुद्ध बंड केलं. दोन महिने वेढा पडला आणि ऑक्टोबरात शहर पडलं. सूड इतका पराकोटीचा की शहराचं नावसुद्धा पुसून टाकण्याचा हुकूम निघाला. शेकडो माणसं ओळीनं उभी करून मारली गेली.

त्यांत क्लोदीन यांचे दोन भाऊ होते, लुई आणि फ्रांस्वा. जानेवारी १७९४ मध्ये त्यांना वधस्थळी नेत असताना ही एकोणीस वर्षांची बहीण त्यांच्या मागोमाग चालत गेली. परंपरा सांगते की जाताना भावांनी तिला एवढंच सांगितलं : आम्ही क्षमा केली आहे, तूही कर. त्या धक्क्यानं क्लोदीन यांना मानेचा कंप जडला, तो जन्मभर राहिला.

इथे आपण जरा थांबू या. तत्त्वज्ञानात क्षमेविषयी आपण पुष्कळ बोलतो. क्षमा म्हणजे विसरणं का? शरीर तर विसरलं नव्हतं, मान थरथरतच होती. मग क्षमा म्हणजे मनातली एक भावना का? क्लोदीन यांचं चरित्र वाचताना आम्हांला वाटतं की त्यांच्यापुरती क्षमा ही कृती होती, आणि ती करायला वीसेक वर्षं लागली.

क्रांतीनं आणि पुढच्या युद्धांनी शहरात अनाथ मुलं सोडली होती. १८१५ मध्ये आंद्रे क्वांद्र या तरुण धर्मगुरूंना सें-निझिए चर्चच्या दारात दोन टाकून दिलेल्या मुली सापडल्या. त्यांना घेऊन ते क्लोदीन यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी सात-आठ मैत्रिणींचं मंडळ उभं राहिलं. ५ ऑक्टोबर १८१८ च्या रात्री क्लोदीन आईचं घर सोडून क्रुआ-रूस टेकडीवर राहायला गेल्या. वय चव्वेचाळीस. बरोबर एक अनाथ मुलगी, एक कामगार स्त्री आणि एक माग, बस्स. ती पहिली रात्र त्यांना फार जड गेली. आपण भलत्याच धाडसात पडलो, असं त्यांना वाटलं होतं. (त्याच वर्षी इकडे पेशवाई संपली. कालमान लक्षात राहावं म्हणून सांगतो.)

माग कशासाठी? कारण टेकडी विणकरांची होती. मुलीला नुसती प्रार्थना शिकवून भागणार नव्हतं, तिला पोट भरता आलं पाहिजे. म्हणून वाचन, लेखन, धर्मशिक्षण आणि जोडीला रेशीम विणणं. हाताला कसब असलं की मुलगी रस्त्यावर येत नाही, असा हा साधा हिशेब होता.

१८२० मध्ये संस्था फुर्व्हिएर टेकडीवर गेली. तिथे अनाथांच्या आश्रयगृहाबरोबर सधन घरच्या मुलींसाठी वसतिशाळाही होती. म्हणजे गरीब आणि श्रीमंत अशी दोन दारं सुरुवातीपासूनच होती, हे आपण झाकून ठेवू नये. त्या काळच्या समाजरचनेला क्लोदीन यांनी धक्का दिला नाही. पण जी मुलगी कुणाच्याच मोजणीत नव्हती, तिला त्यांनी मोजणीत घेतलं. आमच्या मते त्यांचं मोठेपण इथेच आहे, आणि त्यांची मर्यादाही इथेच.

३ फेब्रुवारी १८३७ रोजी त्या गेल्या. पाचच वर्षांनी, १८४२ मध्ये, त्यांच्या भगिनी आग्र्याला पोहोचल्या. पुढे मुंबई-पुण्यालाही आल्या. २१ मार्च १९९३ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी क्लोदीन यांना संत म्हणून घोषित केलं.

आता प्रश्न आपल्यापुढे आहे. वसतिशाळेचं दार आपल्याकडे इतकं चकचकीत झालं की 'कॉन्व्हेंट' हा प्रतिष्ठेचा शब्द बनला. मागाच्या खोलीचं दार मात्र आपल्या आठवणीतून गेलं. संस्था मोठी झाली की असं होतंच, असं म्हणून सोडून द्यायचं का? केवळ ख्रिस्ती संस्थांपुरता हा प्रश्न नाही. अनाथ आणि गरीब मुलांसाठी निघालेल्या आपल्या कितीतरी शाळांना तो लागू पडतो. आपल्या गावातली एखादी जुनी शाळा घ्या, तिचा पहिला विद्यार्थी कोण होता ते शोधा, आणि आज तसं मूल तिथे प्रवेश मागायला आलं तर काय होईल ते बघा. पुढच्या वेळी यावर बोलू या.