बातमी सापगावापर्यंत कशी आली

शहापूर तालुक्याचे पाणी मुंबई पिते आणि मुंबईची बातमी शहापूर वाचते. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले. पुढे वैतरणा आणि भातसा यांचे पाणीही मुंबईकडे वळले. पावसाळा लागला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत तलावांच्या पातळीचे आकडे रोज छापून येतात. त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ती बातमी मात्र आतल्या पानावर कुठेतरी असते किंवा नसते. भातसा नदीकाठच्या, शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या सापगावासारख्या गावात बसून रोजच्या बातमीचा इतिहास लिहायचा तर सुरुवात इथून करावी लागते. बातमी कोणासाठी लिहिली जाते आणि ती वाचणारा कोण असतो, हा या इतिहासातला पहिला प्रश्न आहे.

आज आमच्या भागातला तरुण सकाळी उठल्यावर हातात मोबाईल घेतो. एखाद्या मराठी दैनिकाचे संकेतस्थळ, एखादे उर्दू, मग क्रिकेटचा स्कोअर, सिनेमाची खबर, यूट्यूबवरचा विनोदी तुकडा अशी त्याची रोजची फेरी ठरलेली असते. वडीलधारे कुरकुरतात की हे नवे व्यसन आहे. आम्हाला तसे वाटत नाही. रोज ठराविक वेळी जगाची खबर घेण्याची सवय आपल्याकडे जुनीच आहे, फक्त खिडकी बदलत गेली. आणि मराठी बोलणाऱ्या मुसलमानाच्या घराला तर नेहमीच दोन खिडक्या होत्या.

पहिली खिडकी मराठीची. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेही मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि पुढच्या काही वर्षांत लोहमार्ग आसनगाव, कसाऱ्यावरून घाटाकडे चढला. शहापूरला स्वतःचे स्टेशन नाही; आसनगाव हेच त्याचे स्टेशन. मुरबाडला तर आगगाडी आजही पोहोचलेली नाही. म्हणजे मुंबईत पहाटे छापलेला अंक लोकलने यायचा आणि पुढे एसटीने किंवा सायकलने गावोगाव जायचा. ‘लोकसत्ता’ १९४८ साली निघाला, ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ साली. गावात अंक एकच यायचा आणि तो अनेकांचा असायचा. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, मध्येच कोणी शंका काढायची, कोणी ती खोडून काढायची. वाचता न येणारा माणूसही त्यात वाचक होता.

दुसरी खिडकी उर्दूची. अब्दुल हमीद अन्सारी यांनी १९३८ साली मुंबईत ‘इन्किलाब’ सुरू केले. घरातल्या ज्या पिढीचे शिक्षण उर्दूत झाले, तिला तेच जवळचे वाटे. मराठी शाळेत गेलेली मुले मराठी दैनिक उघडत. एकाच छपराखाली दोन लिप्यांत दोन जगे वाचली जात. यातली गंमत म्हणा किंवा दुःख म्हणा, ते असे. मराठी दैनिकात आपण बहुतेक वेळा बातमीचा विषय असायचो: ईद, दंगल, तलाक. त्याचा वाचक म्हणून आपल्याला कोणी फारसे गृहीत धरत नव्हते. उर्दू दैनिकात आपण वाचक असायचो, पण त्यात शहापूरची तहसील कचेरी, भाताचा हमीभाव, एसटीची बंद पडलेली फेरी यांना जागा नव्हती. एका खिडकीतून आपले गाव दिसे पण आपण दिसत नसू; दुसरीतून आपण दिसू पण गाव दिसत नसे.

ही भिंत पाडण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. कुलसुम सयानी यांनी १९४० साली मुंबईहून ‘रहबर’ हे पाक्षिक सुरू केले. नुकत्याच साक्षर झालेल्यांसाठी सोप्या हिंदुस्तानीत लिहिलेले हे पत्र नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे, आणि ते दोन दशके चालले. लिपी वेगळी असली म्हणून बातमी वेगळी असायला नको, हा त्यामागचा साधा विचार होता. त्यांचा मुलगा अमीन लहानपणी या कामात हातभार लावी. पुढे हाच मुलगा ‘बिनाका गीतमाला’चा अमीन सयानी म्हणून घराघरात पोहोचला. साध्या, सर्वांना कळेल अशा बोलीचे शिक्षण त्यांना आईच्या पाक्षिकातून मिळाले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

‘गीतमाला’चाही एक इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतर नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला आळा घातला. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. १९५२ च्या अखेरीस सुरू झालेली ‘गीतमाला’ दर बुधवारी रात्री ऐकणे हा देशभरचा रिवाज झाला. शेवटी आकाशवाणीला १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. करमणूक दाराबाहेर ठेवली की श्रोता दुसरे दार शोधतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता. बातमीचेही तसेच. डिसेंबर १९९२ मध्ये सरकारी माध्यमांवर भरवसा न वाटणारी अनेक माणसे रात्री बीबीसीची हिंदी आणि उर्दू सेवा लावून बसत. त्या दिवसांत मुंबईत जे घडले, त्यावरच्या न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाने काही मराठी दैनिकांतल्या चिथावणीखोर लिखाणाचीही नोंद घेतली आहे. रोज सकाळी दारात येणारा कागद काय करू शकतो, हे त्या अहवालात सरकारी भाषेत लिहून ठेवलेले आहे.

त्याआधी दोनच वर्षे, १९९० साली, सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले होते. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या मंडळींचा त्यात पुढाकार होता. आमची मातृभाषा मराठी आहे आणि आमच्याविषयी मराठीत आम्हीच लिहू, हे त्या संमेलनाचे म्हणणे होते. पण छापण्याला कागद लागतो, वितरक लागतो, जाहिरात लागते. लिहिणारे तयार झाले तरी रोजचे माध्यम त्यांच्या हाती नव्हते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. आपल्या भागात त्याची ओळख सायबर कॅफेतून झाली. तासाच्या हिशोबाने पैसे भरून मुले परीक्षेचे निकाल पाहत आणि उरलेल्या मिनिटांत क्रिकेट आणि सिनेमाची पाने उघडत. मराठी दैनिकांनीही संकेतस्थळे काढली, पण ती उघडायची तर आधी त्या त्या दैनिकाचा फाँट संगणकात उतरवून घ्यावा लागे. नाही उतरवला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. कारण आत अक्षर मराठी नसेच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी चित्र बसवलेले असे. त्यामुळे शोधयंत्रात ‘शहापूर’ असे लिहिले तरी शहापूरची बातमी सापडत नसे. ती असूनही नसल्यासारखी होती.

उर्दूची गत आणखी बिकट. नस्तालीक लिपीत अक्षरे एकमेकांना तिरकी बिलगून खाली उतरतात, ती खिळ्यांच्या छपाईत बसवणे कठीण. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे दीर्घकाळ कातिबांच्या हातांनी लिहिली गेली. १९२७ साली सुरू झालेले चेन्नईचे ‘मुसलमान’ हे दैनिक तर एकविसाव्या शतकातही हाताने लिहिले जात होते. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांचे ‘नूरी नस्तालीक’ आले आणि संगणकावर उर्दू उमटू लागली. पण संकेतस्थळांवर अनेक उर्दू दैनिके बातमीचे छायाचित्रच चिकटवत. वाचता येई, शोधता येत नसे. म्हणजे इंटरनेटच्या पहिल्या दशकात आपल्या दोन्ही खिडक्या अर्धवट उघड्या होत्या: मराठी वेषांतर करून आलेली, उर्दू चित्र होऊन आलेली.

हा पेच युनिकोडने सोडवला. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देण्याची ही पद्धत. देवनागरीचा आणि अरबी लिपीचा समावेश तिच्यात १९९१ सालीच झाला होता. पण घरातल्या संगणकांपर्यंत ती पोहोचायला पुढची दहा-पंधरा वर्षे गेली. मग दृश्य बदलले. परदेशातल्या मराठी माणसांनी १९९६ साली सुरू केलेली ‘मायबोली’ होतीच. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, २००४ मध्ये ‘मनोगत’ आले. दैनिकांनीही हळूहळू जुने फाँट सोडले. आखातात नोकरीला असलेला कोकणातला किंवा ठाणे जिल्ह्यातला मुसलमान, ज्याला पूर्वी गावाकडून येणाऱ्याच्या सामानात गुंडाळून आलेला शिळा अंक मिळायचा, तो आता दुबईत बसून त्याच सकाळी तालुक्याची खबर वाचू लागला.

नंतरची गती सर्वांच्या डोळ्यासमोरची आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि सायबर कॅफे ओस पडले. २०१७ च्या ऑक्टोबरात बीबीसीने मराठी सेवा सुरू केली. ज्यांच्या वडिलांनी रेडिओवर बीबीसी उर्दू ऐकली, त्यांच्या मुलांनी बीबीसी मराठी मोबाईलवर वाचली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अंकांची छपाई काही दिवस थांबली, एप्रिलमध्ये घरोघर अंक टाकण्यावर राज्य सरकारने बंदी घातली. अनेक घरांत तेव्हा बंद झालेला अंक पुन्हा सुरू झालाच नाही.

इथे या इतिहासाला काळी किनार लागते. २ जून २०१४ रोजी पुण्यात मोहसीन शेख या तरुण अभियंत्याला जमावाने ठार मारले. फेसबुकवर कोणीतरी महापुरुषांची विकृत चित्रे टाकली होती. मोहसीनचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांचा मुले पळवणारे समजून जीव घेतला गेला. ती अफवा मोबाईलवरून पसरली होती. १६ एप्रिल २०२० रोजी, पूर्वी आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्ये, गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेचे बळी ठरले. लगेच त्या घटनेलाही धर्माचा रंग देणे सुरू झाले. अखेर गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, असे जाहीर करावे लागले. त्याच महिन्यांत तबलिगी जमातीवरून जे काही दाखवले गेले ते आपण सर्वांनी सोसले आहे. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले, माध्यमांतल्या मोठ्या अपप्रचाराकडे बोट दाखवले आणि या लोकांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता बोलून दाखवली. निकालाची बातमी आली, पण आरोपाच्या बातमीएवढी ती फिरली नाही.

ती फिरली नाही, याचे कारण या व्यवसायाच्या रचनेत आहे. वर्तमानपत्र विकत घ्यावे लागे. संकेतस्थळ फुकट आहे. त्याचा खर्च जाहिरातीतून निघतो आणि जाहिरात किती बोटे पडली यावर मिळते. राग, भीती आणि चटपटीत गंमत यांवर बोट लवकर पडते. म्हणून नटीच्या लग्नाची खबर, क्रिकेटचा निकाल आणि एखाद्या मोहल्ल्याविषयीची अफवा एकाच रांगेत, एकाच आकारात समोर येतात. पूर्वी पारावर शंका काढणारा एक तरी असायचा. आज प्रत्येक जण एकटा वाचतो आणि एकट्यानेच पुढे ढकलतो.

शंका काढणे ही गोष्ट आपल्या परंपरेला परकी आहे काय? हदीस गोळा करणाऱ्या विद्वानांनी प्रत्येक कथनाबरोबर त्याची सनद जपली: कोणी कोणाकडून ऐकले, तो माणूस विश्वासू होता का, दोघांची भेट होणे शक्य होते का. नवव्या शतकातल्या इमाम बुखारींचे नाव आज घेतले जाते ते जितके त्यांनी स्वीकारले त्यासाठी, तितकेच त्यांनी बाजूला ठेवले त्यासाठीही. ज्या समाजाकडे ऐकीव गोष्ट पारखण्याचे एवढे बारीक शास्त्र आहे, त्या समाजाने सनद नसलेला मजकूर क्षणात पुढे पाठवावा, यासारखी विसंगती नाही. दुसऱ्यांनी आपल्याविषयी पसरवलेल्या अफवेवर आपण चिडतो. तोच नियम आपण दुसऱ्यांविषयी आणि आपल्याच आजार-औषधांविषयी पाठवतो त्या मजकुरालाही लावावा लागेल.

पण एवढ्याने काम संपत नाही. ‘दर्पण’पासून ‘इन्किलाब’पर्यंत, सिलोनपासून सह्याद्री वाहिनीपर्यंत, आपण ऐकणारे आणि वाचणारे होतो. युनिकोडनंतर प्रथमच लिहिण्याचे साधन वाचण्याच्या साधनाइतकेच स्वस्त झाले. दोन्ही एकाच यंत्रात आहेत. तरी आपली रोजची फेरी अजून पाहण्यापुरतीच आहे. मराठी विकिपीडियावर आपल्या गावाच्या पानावर काय लिहिले आहे, हे किती जणांनी उघडून पाहिले? भातसेला पूर आला की पूल चालू आहे का, हे शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या प्रत्येकाला हवे असते. ते काठावरच्या सापगावकराइतके नेमके कोण सांगणार? टँकर किती दिवसांनी आला, शाळेतली शिक्षकाची जागा कधीपासून रिकामी आहे, गावातल्या जुन्या मशिदीची किंवा देवळाची कागदपत्रे काय सांगतात, हे तारीख घालून, नाव-गाव देऊन, स्वच्छ मराठीत लिहिता येते. अशा लिखाणाला दंगलीची चव नसते, म्हणून ते झपाट्याने फिरणारही नाही. पण पुढे कोणी ‘शहापूर’ असे शोधील तेव्हा त्याला तलावाच्या पातळीबरोबर तलावाकाठची माणसेही सापडतील, आणि त्यांत आपली नावे आपण लिहिलेली असतील.