साखरेचा आकडा कोणाच्या हातात?

आजची गोष्ट सुरू होते १९६९ साली, अमेरिकेत.

रिचर्ड बर्नस्टाइन नावाचा एक इंजिनिअर. बाराव्या वर्षापासून डायबेटिस. एकदा जाहिरातीत त्याला रक्तातली साखर मोजणारं यंत्र दिसलं. वजन जवळपास दीड किलो, किंमत ६५० डॉलर. पण ते फक्त डॉक्टर आणि हॉस्पिटललाच मिळायचं. पेशंटने आपली साखर आपणच मोजावी, असा विचारच तेव्हा नव्हता. बर्नस्टाइनची बायको डॉक्टर. त्याने सरळ तिच्या नावावर यंत्र मागवलं!

मग गडी दिवसातून कितीतरी वेळा साखर मोजायचा, त्यावरून जेवण आणि इन्सुलिन ठरवायचा. तब्येत सुधारली. पण त्याचे लेख वैद्यकीय मासिकं छापेनात. शेवटी पठ्ठ्या पंचेचाळिशीच्या आसपास मेडिकल कॉलेजात गेला आणि स्वतःच डॉक्टर झाला.

आज ते यंत्र खिशात मावतं. आणि १३ एप्रिल २०२० रोजी, लॉकडाऊनमध्ये, केंद्र सरकारने 'ई-संजीवनी ओपीडी' सुरू केली: घरबसल्या, मोफत, व्हिडिओवर डॉक्टर. म्हणजे आपल्या मुक्ताईनगरच्या आजीला बारीकसारीक विचारायला प्रत्येक वेळी एसटीने जळगाव गाठायला नको.

मग झालं ना काम? थांबा. घरात काय चालतं ते बघा. ओटीपी येतो नातवाच्या मोबाइलवर. अ‍ॅप उघडतो नातू. बीपी मशीनवरचा आकडा वाचतो नातू. आजी विचारते, "किती आलं रे?" आपण मान वर न करता म्हणतो, "नॉर्मल आहे गं." संपलं!

१९६९ मध्ये आकडा हॉस्पिटलात अडकला होता. आज तो आपल्या फोनमध्ये अडकलाय. बर्नस्टाइनची तब्येत सुधारली ती नुसत्या यंत्रामुळे नाही. काय खाल्लं की आकडा किती चढतो, हे त्याचं त्याला दिसायला लागलं, म्हणून.

तेव्हा एवढं करा. मशीनचं बटण आजीला दाबू द्या. आकडा मोठ्या मराठी अक्षरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. केळी जास्त झाली की साखर किती, हे तिचं तिला कळू द्या. औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच बदलायचं, हेही सांगा.

ताटीची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. थोरल्या ज्ञानोबांनी दार लावून घेतलं होतं, ते उघडायला लावलं धाकट्या मुक्ताईने. आपल्या घरात दार लावून बसलोय आपण धाकटेच. उघडू या?

भेटू पुढच्या भागात!