बाघ

बाघ : मध्य प्रदेशाच्या धार जिल्ह्यातील, विंध्य पर्वताच्या दक्षिण उतारावर बाघनी नदीकाठी वसलेले गाव. धार शहरापासून सु. ९७ किमी. बौद्ध लेणी, ठशांची कापडछपाई आणि जीवाश्म या तिहींसाठी प्रसिद्ध. हा प्रदेश भिल्ल-भिलालाबहुल असून होळीपूर्वीच्या भगोरिया बाजारांना आसपासच्या पाड्यांवरून लोक लोटतात.

लेणी : वालुकाश्माच्या उभ्या कड्यात खोदलेल्या मूळ नऊ लेण्यांपैकी पाच आज उरली आहेत. ती सर्व विहार असून साधारणपणे इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांतील आहेत. दुसरे लेणे ‘पांडव गुंफा’, तिसरे ‘हाथीखाना’, तर चौथे ‘रंगमहाल’ या नावाने ओळखले जाते. दुसऱ्या लेण्यात माहिष्मतीचा राजा सुबंधू याचा ताम्रपट सापडला. विहाराच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. रंगमहालातील नर्तकींचे मंडल, शोकमग्न स्त्री आणि हत्ती-घोड्यांची मिरवणूक ही चित्रे अजिंठ्याच्या तोलाची मानली जातात. पूर्वी हा भाग शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होता. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे मो. ब. गर्दे यांनी लेण्यांच्या अभ्यासाला व जतनाला मोठा हातभार लावला. १९२१ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार व सुरेंद्रनाथ कर यांनी चित्रांच्या प्रतिकृती केल्या. १९२७ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने या लेण्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ओल व पडझडीमुळे बरीचशी चित्रे १९८२ मध्ये भिंतींवरून काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात हलवावी लागली.

बाघ छपाई : ही कला खत्री समाजाची. त्यांचे पूर्वज सिंधमधून मारवाडमार्गे माळवा-निमाडात आल्याचे समाज सांगतो. छपाईला वाहते पाणी लागते आणि बाघनीच्या पाण्याने रंग खुलतो, असा कारागिरांचा अनुभव आहे. कोऱ्या कापडाला आधी संचोरा (एक प्रकारचा क्षार), एरंडेल तेल व शेळीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात पायांनी तुडवून वाळवतात. हे पुन्हापुन्हा करावे लागते. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवताच कापड पिवळसर होते. लोखंडाचा गंज व गूळ आंबवून काळा रंग, तुरटीपासून लाल. दोन्हींना चिंचोक्याच्या खळीने घट्टपणा आणतात. ठसे उमटवलेले कापड काही दिवस मुरू देतात आणि नदीच्या प्रवाहात आपटून धुतात. शेवटी तांब्याच्या कढईत ॲलिझरीन आणि धावडीच्या फुलांबरोबर ते उकळतात. तोवर फिकट दिसणारा तुरटीचा ठसा या भट्टीत गडद लाल होतो.

पूर्वी हे कापड मुख्यतः भिल्ल-भिलाला स्त्रियांच्या घागऱ्या-लुगड्यांसाठी विकले जाई. १९६० च्या दशकात स्वस्त कृत्रिम कापड आले, गिऱ्हाईक तुटले आणि अनेकांनी धंदा सोडला. इस्माईल सुलेमानजी खत्री यांच्यासारख्या कारागिरांनी मात्र जुने ठसे आणि वनस्पतिजन्य रंग न सोडता साड्या, चादरी व पोशाखाचे कापड छापायला सुरुवात केली. पद्धत जुनीच ठेवून त्यांनी गिऱ्हाईक नवे शोधले. बाघच्या पुनरुज्जीवनाचे मर्म हेच. पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, भौगोलिक मानांकनही मिळाले. धुणे, वाळवणे, उकळणे या कामांतून खत्री कुटुंबांबाहेरच्या हातांनाही रोजगार मिळतो.

जीवाश्म : उत्तर क्रिटेशस काळातील सागरी थरांना भूविज्ञानात ‘बाघ थर’ हेच नाव आहे. परिसरात टायटॅनोसॉर या अवाढव्य डायनासोरांची अंडीही मिळतात. जिल्ह्यातील ९२ घरटी व २५६ अंड्यांचा अभ्यास जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाडल्या गावातील शेतकरी असे गोल दगड शेताचे व गुरांचे रक्षण करणारा काकड भैरव म्हणून पूजत आले होते. सु. ९० हेक्टरांचे डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान येथे आहे.

पर्यटन व भवितव्य : धार जिल्ह्यातीलच मांडूला येणाऱ्या प्रवाशांपैकी थोडेच बाघपर्यंत पोहोचतात. आले तरी लेणी पाहून परतल्यास गावाच्या हाती फारसे काही लागत नाही. लेणी, छपाईचे कारखाने, आठवडी बाजार आणि जीवाश्मस्थळे एकत्र पाहण्याची सोय, गावातच मुक्काम आणि वाटाडे म्हणून स्थानिक तरुण, अशी मांडणी झाली तरच पर्यटनाचा पैसा गावात राहील. त्याला दोन मर्यादा आहेत. पहिली जीवाश्मांची : अंडी व जीवाश्म नोंदीविना जागेवरून हलले की त्यांचे शास्त्रीय मोल बरेच घटते, म्हणून राखणदारीत गावकऱ्यांचा वाटा हवा. दुसरी मर्यादा पाण्याची : बाघनी हंगामी नदी आहे आणि धुलाईचे सारे काम पाण्यावर चालते. भट्टीचे सांडपाणी शुद्ध करणे व नदीचे पाणलोट राखणे हा म्हणूनच उद्योगाचाच खर्च मानला पाहिजे.

गाव आणि धंदा यांचे नाते तुटले की काय होते, हे बाघच्या दक्षिणेला कुक्षी भागात दिसते. तेथील निसरपूर हे बाजारगाव नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यात गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला भरला, तेव्हा तेथील घरे-दुकाने पाण्याखाली गेली आणि कुटुंबांना पुनर्वसन वसाहतींत नव्याने बस्तान बसवावे लागले. घराच्या बदल्यात प्लॉट देता येतो. बांधलेली गिऱ्हाइके आणि पिढ्यांची पत तशी देता येत नाही. बाघच्या कारागिरांनी मोडलेला धंदा उभा केला, तो आपल्या नदीकाठी राहून. निमाडातील विस्थापित गावांसाठी पर्यटनाच्या वा उद्योगाच्या योजना आखताना हा अनुभव आधी विचारात घ्यायला हवा.