मजकडील एक सरकारी बंदूक व तिचा जीर्णोद्धार

१. या त्रैमासिकाच्या वाचकांस दप्तरे, पोथ्या, ताम्रपट व नाणी यांचा परिचय मजपेक्षा अधिक आहे. हत्यारांचीही चर्चा मधूनमधून होते, परंतु ती बहुधा तलवार, कट्यार व दांडपट्टा यांपुरतीच. बंदुकीकडे आपले दुर्लक्ष झाले आहे. तलवार देवघरात राहिली. बंदूक परवान्याच्या कागदाबरोबर कोपऱ्यात राहिली आणि परवाना संपला की ठाण्यात गेली. तथापि बंदूक हीदेखील अक्षरे अंगावर वागविणारी वस्तू आहे. तिच्यावर छाप असतात, क्रमांक असतात, वेळोवेळी झालेल्या फेरफारांच्या खुणा असतात. आणि पोथीप्रमाणेच तीही अज्ञ हातांत पडली असता भ्रष्ट होते. मजकडे वडिलार्जित आलेल्या एका बंदुकीचे वर्णन देऊन तिच्या बाबतीत मजकडून घडलेला प्रमाद सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. बंदूक ठासणीची व टोपीची असून चोपडे तालुक्यातील आमच्या मूळ गावी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर तीन पिढ्या होती. नळी आज ३१ इंच भरते; नळीचे तोंड पाऊण इंचाचे असून आत चर नाहीत. उजव्या अंगास कळीची लोखंडी पट्टी आहे. तीवर मागील पायांवर उभा राहून पुढील पायांत मुकुट धरलेल्या सिंहाचा छाप निरखून पाहिल्यास दिसतो. दस्ता शिसवी, त्याच्या टोकास पितळी पत्रा.

सिंहाचा छाप ईस्ट इंडिया कंपनीचा. इ. स. १८०८ च्या सुमारापर्यंत कंपनीच्या हत्यारांवर हृदयाच्या आकृतीत कंपनीची आद्याक्षरे घालीत. त्यानंतर सिंह आला. तेव्हा ही कळ त्या सुमारानंतरची. ज्या जातीची ही बंदूक, तिच्या नळीची लांबी ३९ इंच असे. विलायतच्या फौजेतील त्यापूर्वीच्या बंदुकांच्या नळ्या ४६ व ४२ इंचांच्या होत्या. कंपनीने हिंदुस्थानातील आपल्या पलटणींकरिता आखूड व स्वस्त नमुना पत्करला, आणि फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर हत्यारे अपुरी पडू लागली तेव्हा विलायत सरकारानेही तोच उचलला. म्हणूनच त्यास 'इंडिया पॅटर्न' हे नाव राहिले.

आमच्या बंदुकीची नळी आठ इंच कापलेली आहे हे केवळ मापावरून ठरत नाही. मूळ नळीच्या तोंडाजवळ संगीन अडकविण्याची चौकोनी गुंडी असते व तीच माशीचेही काम करते. येथे ती गुंडी नाही. तिच्या जागी पितळेची निराळी माशी डाखलेली आहे. दस्ताही मूळचा नव्हे. विलायती दस्ता अक्रोडाचा असे. शिवाय नळीच्या पोटाशी खिळ्यांकरिता ज्या कड्या आहेत त्यांतील एक रिकामी असून तिच्यासमोर दस्त्यास भोकच नाही. ही बंदूक जन्मतः चकमकीची होती, हेही उघड आहे. कळीच्या पट्टीवर रंजकाच्या वाटीची जागा भरून काढलेली असून नळीच्या कानात टोपी बसविण्याची नळकांडी मागाहून आटलेली आहे. विलायतच्या फौजेने टोपीची रीत १८४० च्या आसपास स्वीकारली. तेव्हा हा फेरफार त्याहून फार जुना असण्याचा संभव नाही.

३. अशा वस्तूचा काळ ठरविताना खानदेशात आढळणाऱ्या बंदुकांचे थर ध्यानात असावेत, म्हणून ते संक्षेपाने देतो.

पहिला थर तोड्याच्या बंदुकीचा. हिची नळी लांब, दस्ता बारीक व सरळ. नळी दस्त्याशी चामड्याच्या किंवा तारेच्या वेढ्यांनी बांधलेली असते. १८१८ च्या फेब्रुवारीत थाळनेर येथे व त्याच वर्षीच्या मे-जूनमध्ये मालेगाव येथे जे अरब कंपनीच्या फौजेशी लढले, त्यांचे मुख्य हत्यार तोड्याची बंदूक हेच होते. दुसरा थर वर वर्णिलेल्या कंपनीच्या चकमकीच्या बंदुकीचा, व तीच पुढे टोपीची केलेली असल्यास तिचा.

तिसरा थर १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीचा. नळी ३९ इंच, तोंड ०.५७७ इंच, आत तीन सर्पिल चर, आणि दस्त्याभोवती तीन लोखंडी कडी. हिच्याच काडतुसांवरून १८५७ साली काय घडले ते सर्वश्रुत आहे. परंतु संग्राहकांस जी गोष्ट सहसा ठाऊक नसते ती अशी की, बाहेरून हुबेहूब एन्फील्ड दिसणारी, पण आत गुळगुळीत व तोंडाने अधिक रुंद, म्हणजे ०.६५६ इंचांची, अशीही एक जात आहे. १८५८-५९ च्या नमुन्यांची ही बंदूक बंडानंतर देशी शिपायांकरिता मुद्दाम काढली. नळीला चर नाहीत व लांब पल्ल्याची वरखाली होणारी निशाणपट्टी नाही. त्यामुळे गोऱ्या शिपायाची गोळी जेथवर नेमकी जाई तेथवर देशी शिपायाची जात नसे. राज्यकर्त्यांचा अविश्वास कोणत्याही जाहीरनाम्यात इतक्या स्पष्टपणे लिहिलेला नाही. नळीच्या तोंडात बोट घालून चर लागतात की नाहीत एवढे पाहिले तरी तो वाचता येतो. त्यापुढील स्नायडर, मार्टिनी-हेन्री व विसाव्या शतकातील ली-एन्फील्ड या मागून भरावयाच्या रायफली होत. पैकी शेवटच्या जातीच्या अनेक रायफली ईशापूरच्या कारखान्यात गुळगुळीत नळीच्या व एकबारी करून पोलिसांकरिता दिल्या गेल्या.

यावरून दिसेल की फौजेतून उतरलेली बंदूक खाली येताना प्रत्येक पायरीवर तिचे काही ना काही छाटले गेले. त्या छाटणीच्या खुणा म्हणजे तिचे चरित्र.

४. आता आमच्या बंदुकीकडे वळतो. ती घरात कोठून आली यासंबंधी दोन परंपरा मी लहानपणी ऐकल्या. आजोबा सांगत की ती धरणगावच्या भिल्ल पलटणीतील. ही पलटण जेम्स औट्राम याने १८२५ साली उभारली. पुढे ती पोलिसांत विलीन झाली. औट्रामचा बंगला धरणगावी प्रसिद्ध आहे. उलट माझी एक आत्याआजी सांगे की ती सातपुड्यातून, बंडवाल्या भिल्लांकडून आली. १८५८ च्या एप्रिलात अंबापाणी येथे भिल्ल नायकांची व कंपनीच्या फौजेची लढाई झाली, तीतील ही बंदूक, असे तिचे म्हणणे. एका परंपरेप्रमाणे बंदूक सरकारच्या हातची, दुसरीप्रमाणे सरकारवर उचललेली. दोन्ही परंपरा एकाच घरातल्या, एकाच ओसरीवर सांगितल्या जाणाऱ्या.

यांचा निर्णय करण्यास एक साधन होते. पलटणींच्या बंदुकांवर दस्त्याच्या टोकाच्या पितळी पत्र्यावर, वरच्या जिभेवर, पलटणीची अक्षरे व बंदुकीचा क्रमांक खोदण्याची रीत होती. आमच्या बंदुकीच्या त्या जिभेवर अशी अक्षरे होती. ती मी पाहिली आहेत, परंतु वाचलेली नाहीत. दर खंडेनवमीस घरी शस्त्रपूजा होई. आदल्या दिवशी पितळ चिंचेने व विटकरीने घासावयाचे, लोखंडास गोडे तेल लावावयाचे, मग गंध, अक्षता, झेंडूचे फूल. शंभर वर्षांच्या भक्तीने अक्षरे पुसट झाली होती. १९८१ साली, नुकताच शिक्षक झालो असता, बंदूक 'नवी' करावी असे माझ्या मनाने घेतले. काचकागदाने पितळ घासले, नळीचा तपकिरी रंग काढून ती रुप्यासारखी केली, आणि सिंहाच्या पाठीवरूनही दोन हात फिरविले. पूजेस आलेल्या सर्वांनी वाखाणणी केली. आज त्या जिभेवर भिंग धरले असता एक उभी रेघ व एक अर्धगोल दिसतो. त्यांतून पाहिजे ते अक्षर निघू शकते. म्हणजे काहीच निघत नाही. दोन्ही परंपरा आता कायमच्या सारख्याच बळाच्या राहिल्या, आणि याचे कारण तिसरे कोणी नसून मीच आहे.

५. ज्याने उभ्या आयुष्यात मुलांस पाठभेद व प्रक्षेप शिकविले, त्याच्या ध्यानात ही गोष्ट तेव्हा कशी आली नाही, याचे मला आजही नवल वाटते. पोथीतील चुकीचे अक्षर झाकण्यास लेखक हरताळ लावीत. त्यावरूनच 'हरताळ फासणे' हा शब्दप्रयोग झाला. मी बंदुकीस हरताळच फासला. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी जो दंडक पाळला तो असा की, हस्तलिखितांचा आधार असेल तोवर संपादकाने स्वतःची दुरुस्ती घुसडू नये. १९३३ साली पुऱ्या झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत ही सर्व मीमांसा आहे. हाच दंडक लोखंडालाही लागू पडतो.

त्याचे व्यवहारातील रूप असे. चाकरीत असताना झालेला फेरफार, उदाहरणार्थ कापलेली नळी, बदललेला दस्ता, टोपीची नळकांडी, हा प्रक्षेप नव्हे. ते त्या बंदुकीचे उत्तरकांड आहे व ते राखलेच पाहिजे. विक्याने किमतीसाठी दुसऱ्या बंदुकीची कळ आणून बसविली तर तो प्रक्षेप. लाल, भुकटी पडणारा गंज चालू रोग आहे. तो पातळ तेलात भिजवून लाकडाच्या किंवा तांब्याच्या काडीने हळूहळू काढावा. गडद तपकिरी, घट्ट बसलेला थर हा जुन्या कागदाच्या पिवळेपणासारखा आहे; त्यास हात लावू नये. आम्ल, काचकागद व फिरती चाके वर्ज्य. पितळ कोरड्या फडक्याने पुसावे, चमकवू नये. शिसवी किंवा अक्रोडी दस्त्यास जवसाच्या तेलाचे अगदी पातळ बोट पुरते. आमच्याकडील वैशाखात लाकूड तडकते, म्हणून पत्र्याच्या छपराखाली बंदूक ठेवू नये.

या सर्वांच्या आधी एक गोष्ट. जुन्या ठासणीच्या बंदुका पुष्कळदा भरलेल्या सापडतात, व आत राहिलेली दारू शंभर वर्षांनीही पेट घेऊ शकते. नळीचे तोंड आपल्याकडे न वळविता लाकडी गज आत सोडून खूण करावी आणि तोच गज बाहेरून नळीवर धरावा. खूण कानापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. अशी बंदूक जाणत्या परवानाधारक कारागिराकडेच न्यावी.

६. कायद्याचेही भान असावे. १९५९ च्या हत्यार कायद्यात पीकसंरक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्याच कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करणारास परवाना लागतो आणि नळी आखूड करण्यासही लागतो. गावच्या लोहाराकडे नळी नेणे हा त्यालाही आपल्यालाही अपराध. पुरातन महत्त्वाचे जे हत्यार दुरुस्त करूनही उडण्याजोगे नाही, ते मात्र कलम ४५ अन्वये कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. परवाना संपल्यावर बंदूक ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, व ठराविक मुदतीत तिची व्यवस्था न लावल्यास ती सरकारजमा होते. जुन्या घरांतील पुष्कळ बंदुकांची अखेर याच दारी होते.

नेपाळातील लगन सिलेखान्यातील पन्नास हजारांवर जुनी हत्यारे २००३ साली अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी विकत घेतली. त्यांतील बंदुकांवर देवनागरीत पलटणींच्या नोंदी खोदलेल्या आढळतात, व तेथील संग्राहक आता देवनागरी शिकून त्या वाचतात. ज्यांस ती लिपी मातेच्या दुधाबरोबर मिळाली त्यांनी आपल्या घरातील अक्षरे काचकागदाने घासावीत, याहून दैवदुर्विलास कोणता?

म्हणून वाचकांस विनंती एवढीच. धुळे व जळगाव जिल्ह्यांत ज्यांच्या घरी अशी बंदूक असेल, त्यांनी ती जमा करण्यापूर्वी, व पुढील खंडेनवमीस घासण्यापूर्वी, शिलालेखाचा घेतात तसा तिच्या पितळी पत्र्याचा, कळीच्या पट्टीचा व नळीच्या पाठीचा ठसा पातळ कागद व मऊ शिसपेन्सिल यांनी उतरून घ्यावा. नळीची लांबी व तोंडाचे माप त्याच कागदावर लिहावे. घरातील वृद्ध जी हकीकत सांगतात ती, परस्परविरोधी असली तरी, त्याखाली जशीच्या तशी टिपावी. राजवाड्यांनी आपले अखेरचे दिवस ज्या धुळ्यात घालविले, तेथे अस्सल कागदाचे मोल नव्याने सांगावयास नको. हे ठसेही अस्सलच होत. मजकडील बंदुकीचा ठसा मी सोबत जोडला आहे. त्यात एक उभी रेघ व एक अर्धगोल आहे.