आगरात ऊन उतरलं

३ जून २०२०ची सकाळ. तुम्ही श्रीवर्धनच्या एका आगरात उभे आहात. बाहेर पाऊस, वारा. आत मात्र अजून हिरवा काळोख आहे. नीट बघून घ्या, दुपारनंतर हे दिसणार नाही. सगळ्यांत वर माड, त्यांच्या आसऱ्याला पोफळी, पोफळींवर चढलेल्या मिरवेली, खाली केळी आणि जायफळ. पोफळीला पश्चिमेचं ऊन सोसत नाही, खोड करपतं. म्हणून ही उतरंड. आजोबाने लावायचं आणि नातवाने रोठा सुपारी सोलायची, असा इथला हिशेब.

बारा वाजून गेले. घरात चला. निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्याला भिडतंय, वारा ताशी ११०-१२० किलोमीटर. दार आतून तिघांनी दाबून धरलंय. आधी कौलं उडतात, मग पत्रे. कान मात्र आगराकडे लावा. पोफळ मधोमध मोडते तेव्हा काडकन आवाज होतो. एक, मग दहा, मग मोजणं सुटतं. माड मुळासकट आडवे होतात.

वारा ओसरल्यावर मागच्या दारी या. आगरातून समुद्र दिसतोय. इथून तो आजवर कधी दिसला नव्हता.

आता काही आठवडे पुढे सरका. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. झाडं विहिरीत, पाटात, छपरावर पडलेली. कोरोनामुळे ती तोडायला माणसं मिळत नाहीत. फळबागांची भरपाई हेक्टरी ५० हजार ठरते, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. इथली आगरं तर गुंठ्यांतच मोजायची! पुढे झाडामागे दर येतो: सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. वीस-पंचवीस वर्षं जोपासलेल्या पोफळीचे ५० रुपये. हा आकडा मला आजही सहन होत नाही.

२०२१. रोपं आली आहेत, पण त्यांना सावली कुठली? आधी केळी वाढवायची, तिच्या आडोशाला पोफळ जगवायची. ती धरायला सहा-सात वर्षं लागतात. मिरवेल चढवायची तर तिलाही आधी उभं खोड हवं. पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांचं टाळेबंदी उठल्यावर कसंबसं भागतं. नुसत्या आगरावर जगणाऱ्या घराने तोवर काय खायचं?

कोकणात पुढचं वादळ येणारच आहे. तेव्हा पंचनामा करणाऱ्यांनी पडलेल्या झाडांच्या आकड्यापुढे नवी झाडं धरेपर्यंतची वर्षंही लिहावीत, आणि सरकारने भरपाई तेवढी वर्षं द्यावी.