साबणाची पेटी आणि हशिलाचा वर्ग

मालधक्क्यावर साबणाची पेटी येऊन पडली म्हणजे तिच्याविषयीचा पहिला प्रश्न ती कोठे न्यावयाची हा नसतो. ती कोणत्या वर्गात बसते, हा असतो. अंतर तेच, वजन तेच. परंतु रेशमाला एक हशील आणि कोळशाला दुसरे. महाग माल अधिक भार सोसू शकतो, आणि तोच दर स्वस्त मालावर लादला तर तो जागचा हलणारच नाही, हे त्यामागील गणित होय. गणित सरळ आहे. परंतु ते मांडणाऱ्याच्या हाती व्यापाऱ्याची मान सापडते, असा अमेरिकेतील अनुभव आहे.

१८८७ पूर्वी त्या देशात प्रत्येक मोठ्या आगगाडी-कंपनीचे वर्गीकरण निराळे असे. माल एका कंपनीच्या रुळांवरून दुसरीच्या रुळांवर गेला की त्याची जात बदले! ४ फेब्रुवारी १८८७ रोजी आंतरराज्य व्यापाराचा कायदा झाला. दरपत्रके छापून जाहीर करण्याचे बंधन आले आणि देखरेखीसाठी एक आयोग नेमला गेला. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून पूर्वेकडील कंपन्यांनी एक सामाईक वर्गीकरण अमलात आणले. त्याचे नाव ‘ऑफिशियल’. परंतु नाव तेवढे सरकारी, कर्तृत्व सर्वस्वी कंपन्यांचे. दक्षिण आणि पश्चिम या प्रदेशांची वर्गीकरणे वेगळीच राहिली.

दर उघडपणे वाढविला तर ओरड होते. जिन्नस एका वर्गातून उचलून वरच्या वर्गात ठेवला तर दरपत्रकातील आकडा जेथल्या तेथे राहतो, आणि हशील मात्र वाढते. १ जानेवारी १९०० रोजी पूर्वेकडील कंपन्यांनी शेकडो जिनसांच्या बाबतीत नेमके हेच केले. कायद्याप्रमाणे वाढीची आगाऊ सूचना दहा दिवसांची पुरे होती. ज्या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकांना पुढील कित्येक महिन्यांचे भाव बांधून दिले असतील, त्याने त्या दहा दिवसांत करावे तरी काय?

साधा साबण हा त्यांपैकीच एक जिन्नस. पुरी वाघीण न भरणारा साबण तोवर चौथ्या वर्गात जात असे. तो तिसऱ्यात चढविला गेला. पुढे कंपन्या किंचित नमल्या आणि तिसऱ्या वर्गाच्या दराहून वीस टक्के कमी, असा मधला दर ठरला. सिनसिनाटी येथील प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणवाल्यांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्यांनी आयोगाकडे दाद मागितली. आयोगाने निर्णय कंपन्यांविरुद्ध दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०७ साली तेथेही आयोगाचाच निर्णय टिकला. मोठ्या पेढीला ही झुंज परवडली. लहान दुकानदार इतका काळ कोणाच्या जिवावर लढणार?

कायदाही त्या अवधीत शहाणा होत होता. १९०६ च्या दुरुस्तीने सूचनेची मुदत तीस दिवसांची झाली. १९१० ची दुरुस्ती त्याहून मोलाची. प्रस्तावित बदल चौकशी होईपर्यंत स्थगित ठेवण्याचा अधिकार तीमुळे आयोगाला मिळाला, आणि वाढ वाजवी असल्याचे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर पडला. पूर्वी आधी पैसे भरावयाचे आणि मग रडावयाचे, असा क्रम होता, तो उलटला.

प्रदेशाप्रदेशांतील भेद मात्र दीर्घकाळ टिकला. दक्षिणेतील वर्गदर पूर्वेच्या मानाने सुमारे ३९ टक्के अधिक असल्याचे आयोगाच्या चौकशीत आढळले. १९३९ मध्ये सुरू झालेल्या या प्रकरणाचा निकाल १९४५ मध्ये लागला, १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि एकसूत्री वर्गीकरण ३० मे १९५२ रोजी प्रत्यक्षात आले. तोवर बराचसा किरकोळ माल मोटार-ट्रकांवर चढला होता!

या ट्रकवाल्यांचे वर्गीकरण १९३६ पासूनचे. त्यात ५० पासून ५०० पर्यंत अठरा वर्ग. घनता, हाताळणी, रचण्याची सोय आणि नुकसानीची जोखीम या चार कसोट्या. जुना आयोग १९९५ अखेर बरखास्त झाला; वर्गीकरण मात्र वाहतूकदारांच्या संघटनेकडे चालू राहिले. १९ जुलै २०२५ रोजी तीत मोठा फेरफार झाला. सुमारे दोन हजार नोंदींना त्याची झळ लागली, आणि बहुसंख्य माल नावावरून न ओळखता तेरा पायऱ्यांच्या घनता-कोष्टकाने मोजण्याचे ठरले. प्रस्ताव त्याच वर्षाच्या आरंभी प्रसिद्ध झाल्याने माल धाडणाऱ्यांना तयारीस काही महिने मिळाले. १९०० सालच्या साबणवाल्याला हे भाग्य लाभले नव्हते.

ही तयारी मुख्यतः फूटपट्टीची. चार फूट लांब, तीन फूट चार इंच रुंद आणि चार फूट उंच अशी पाचशे पौंडांची रास घेतली, तर तिची घनता दर घनफुटास सुमारे ९.४ पौंड भरते; ती १०० च्या वर्गात बसते. तोच माल खोके सैल भरून पाच फूट उंच रचला की घनता साडेसात पौंडांवर उतरते आणि वर्ग होतो १२५. उंची मोजताना खालचा लाकडी पाटही धरावा लागतो. वखारीतील ज्या कारकुनाने आजवर पावतीवर जिनसाचे नुसते नाव लिहिले, त्याच्या हाती आता मोजपट्टी आणि काटा द्यावा लागतो.