भाजणं आणि उकडणं : मुंबईचा उन्हाळा, वारा आणि एसी

आजचा विषय तसा घरातलाच आहे, त्यामुळे थेट मुद्द्याला येऊ. नागपूरचा माणूस मे महिन्यात म्हणतो, "ऊन भाजतंय." मुंबईचा माणूस म्हणतो, "उकडतंय." भाजणं आणि उकडणं ही स्वयंपाकघरातली दोन वेगळी कामं आहेत. एकात कोरडी आच लागते, दुसऱ्यात वाफ. बटाटा भाजला तर त्यातलं पाणी उडून जातं. उकडला तर जात नाही, त्याच्याभोवती सगळं पाणीच असतं. आपल्या भाषेनं हवामानातला फरक इतका नेमका टिपलाय की हवामान खात्याचा तक्ता समोर नसला तरी चालावं. आज आपण बघणार आहोत तो या उकडण्याचा इतिहास, म्हणजे किनाऱ्यावरच्या एका मोठ्या शहरानं दमट उन्हाळा कसा काढला, एसीशिवाय कसा आणि एसी आल्यावर कसा.

आधी थोडं शास्त्र, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपलं शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि वारा घातला, की पारा खाली उतरतो. हवा कोरडी असेल तर खूप उतरतो, दमट असेल तर थोडाच. नागपुरात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हा ओला पारा साधारण २३ अंशांवर येतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तो २८ च्या वरच राहतो. म्हणजे थर्मामीटर सांगतो नागपूर ११ अंशांनी गरम, आणि घामाच्या हिशेबानं मुंबई पाच अंशांनी वाईट! हा ओला पारा ३५ ला पोचला, तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो, असं शास्त्रज्ञ मानतात. प्रत्यक्षात ३०-३१ च्या आसपासच निरोगी तरुणांचं शरीरही हार मानायला लागतं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला लाखो माणसं भर दुपारी बसली होती. तापमान ३८ च्या आसपास होतं. विदर्भातल्या माणसाला तो आकडा किरकोळ वाटला असता. १४ जण उष्माघातानं गेले.

यातूनच एक गोष्ट कळते. कोरड्या उन्हाळ्यावर पाण्याचा उपाय चालतो. वाळ्याचे पडदे, ओल्या ताट्या, माठ, आणि आता विदर्भात घरोघरी असलेला कूलर, हे सगळे एकाच तत्त्वाचे भाऊबंद. मुंबईत कूलर लावला की खोलीत पावसाळा येतो आणि भिंतींना बुरशी. इथे पाणी निरुपयोगी. इथे चालतो तो फक्त वारा. अंगाभोवती आपल्याच घामाच्या वाफेचा एक थर साचतो, तो वाऱ्यानं सरकला की थोडा घाम वाळतो. म्हणून मुंबईच्या घराचा सगळा इतिहास हा वारा आत कसा घ्यायचा याचा इतिहास आहे, निदान होता.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे घोकलेले आठवत असतील. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे, रात्री उलटे. कोकणातलं घर यावरच बेतलेलं. पुढे पडवी, मागे पडवी, मध्ये माजघर, दारासमोर दार. वर कौलं, आणि कौलांच्या फटींतून गरम हवा आपोआप निसटते. भिंतीवर ऊन पडूच नये म्हणून छप्पर पुढे ओढून खाली आणलेलं. यात कोणी वास्तुविशारद नव्हता, पण चुकीला वावही नव्हता, कारण चूक झाली तर मे महिन्यात कळायचीच.

साहेबाला मात्र वारा पुरेना. त्यानं तीन मार्ग काढले. एक, शहर सोडून जाणं. उन्हाळ्यात मुंबईचं सरकारच महाबळेश्वरला जायचं. १८५० मध्ये ह्यू मॅलेटनं माथेरान हुडकलं, तेव्हा खालच्या वाड्या-वस्त्यांतल्या लोकांना तो डोंगर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होताच. दुसरा मार्ग पंखा. छताला टांगलेला कापडी पंखा, आणि व्हरांड्यात बसून त्याची दोरी ओढणारा माणूस. एकाच्या अंगावरचा घाम वाळावा म्हणून दुसऱ्यानं घाम गाळायचा. हे चित्र आपण लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

तिसरा मार्ग बर्फ. आणि ही गोष्ट फारच विलक्षण आहे. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या तळ्यांवर हिवाळ्यात बर्फ गोठतो. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्यानं तो कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, जहाजानं हिंदुस्थानात पाठवायला सुरुवात केली. १८३३ मध्ये 'टस्कनी' हे जहाज कलकत्त्याला आलं. निघताना १८० टन, चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडून उतरला सुमारे १०० टन. पुढच्याच वर्षी मुंबईतही बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी जेवणावळीत आइस्क्रीम ठेवलं, आणि त्यानंतर सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'नं दिली, अशी गोष्ट शहराच्या इतिहासात सांगतात. परदेशी पदार्थ खाल्ला, भोगा आता, असा त्या बातमीचा सूर! पुढे वर्गणी काढून फोर्टात बर्फघर बांधलं गेलं. आज तिथे कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे.

हा बर्फ आजही आपल्या बोलण्यात आहे. दुकानात जाऊन आपण म्हणतो, "दीड टनाचा एसी दाखवा." टन कशाचा? यंत्राचा तर नव्हे, ते एक माणूस उचलतो. टन म्हणजे बर्फाचा टन. एक अमेरिकी टन, साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढणारं यंत्र म्हणजे एक टनाचं यंत्र. म्हणजे दीड टनाचा एसी चालवणं म्हणजे दिवसाला जवळजवळ १,४०० किलो बर्फ खोलीत ठेवण्यासारखं. ट्यूडरच्या ग्राहकांना हा हिशेब ऐकून घेरी आली असती.

पण एसी माणसासाठी जन्मला नाही, हे सांगितलं पाहिजे. १९०२ मध्ये विलिस कॅरिअरनं न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिली यंत्रणा आखली. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसत नसत, म्हणून. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमरनं आणला, तो कापडगिरण्यांच्या संदर्भात. सुताला दमट हवा लागते, कोरड्या हवेत धागा तुटतो. म्हणजे हवा 'नीट' करायची ती कागदासाठी आणि धाग्यासाठी. आपल्या गिरणगावाला हे वेगळं सांगायला नको. गिरणीच्या खात्यात हवा मुद्दाम ओली ठेवायची, धागा खूश, आणि साच्यावरचा माणूस घामानं निथळतोय. पाळी संपली की तोच माणूस चाळीतल्या खोलीत यायचा.

या खोलीकडे जरा सावकाश बघू, कारण आमच्या मते खरा इतिहास इथे आहे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टचा पाडापाडीचा सपाटा मोठा होता. जेवढी घरं पाडली त्या मानानं बांधली कमी, आणि उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत कोंबली गेली, ही टीका तेव्हाही झाली आणि ती योग्यच आहे. पण या ट्रस्टनं एक नियम धरला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यानच दिलं होतं. नियम असा : खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर एक रेघ ओढायची, ती समोरच्या इमारतीला लागता कामा नये. हा कोन असा विचित्र का? कारण त्याचं गणित सोपं येतं. समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मं अंतर मोकळं हवं. १२ मीटर उंच चाळ असेल तर ६ मीटर मोकळी जागा. प्लेगच्या भीतीनं केलेला नियम, पण उकाड्यावरही तोच लागू पडतो.

हा धडा लगेच विसरलाही गेला. १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७. मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. दारासमोर दार येतं, पण ते शेजाऱ्याचं. वारा आरपार जायचा तर दोन्ही घरांनी दारं उघडी ठेवायची. ती ठेवली जायचीही! चाळीतली उघडी दारं, सगळ्यांचं सगळ्यांना माहीत असणं, याचं आपण फार कौतुक करतो. त्यात माणुसकी होतीच, पण निम्मं काम उकाड्याचं होतं. ज्या चाळींना बाहेरून गॅलरी होती तिथे रात्री पुरुषमंडळी गॅलरीत, गच्चीवर, फुटपाथवर झोपायची. बायकांना ही सोय नव्हती. त्या आत, चुलीनं तापलेल्या खोलीत. 'एसी नव्हता तेव्हा काय मजा होती' असं कोणी म्हणालं, तर मजा कोणाची, हे विचारायला हवं. मे महिन्यात चाकरमानी बायकापोरांना गावी धाडायचा. सरकारचं महाबळेश्वर, तसं गिरणगावाचं कोकण.

त्याच काळात पैसेवाल्यांची मुंबईसुद्धा वाऱ्यासाठीच बांधली जात होती. मरीन ड्राइव्हच्या इमारती बघा. गोलाकार बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, खोल्यांची तोंडं समुद्राकडे. आपण त्याला सौंदर्य म्हणतो, पण छज्जा आधी उन्हासाठी आहे. गंमत म्हणजे याच वर्षांत एसी शहरात आला, पण घरात नाही. १९३३ चं रीगल वातानुकूलित होतं. १९३४ मध्ये फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबा लागला, आणि तोही बर्फाच्या लाद्यांवर चालणारा, वाटेत ठरावीक स्टेशनांवर लाद्या बदलायच्या. म्हणजे दोन पिढ्या मुंबईकराला थंड हवा भेटली ती तिकीट काढून, तीन तासांपुरती. भर दुपारच्या खेळाला जाणारे सगळेच काही सिनेमासाठी जात नसत.

घरात एसी शिरला तो खूप नंतर. १९५४ मध्ये टाटा आणि फोल्कार्ट ब्रदर्स मिळून व्होल्टास निघाली, पण एसी राहिला साहेबाच्या केबिनचा, बँकेचा, हॉटेलाचा. चैनीची वस्तू म्हणून त्यावर कर जबर. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाही एसी २८ टक्क्यांच्या रांगेत होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो १८ वर आला. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कूलिंग आराखड्यात देशातल्या सुमारे ८ टक्के घरांत एसी असल्याचं म्हटलंय, आणि २०३७-३८ पर्यंत ते प्रमाण ४० टक्क्यांवर जाईल असा अंदाज. लोकलला एसी लागला २५ डिसेंबर २०१७ ला.

आता इथे नीट लक्ष द्या. आपल्याला वाटतं क्रम असा झाला : एसी आला, मग लोकांनी खिडक्या बंद केल्या. मुंबईत बऱ्याच ठिकाणी क्रम उलटा आहे. वारा आधी गेला. गोवंडी-मानखुर्दमधल्या नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहती घ्या. झोपडी पाडून पक्कं घर मिळालं, कागदावर प्रगतीच. पण सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर. इमारत २२ मीटर उंच धरली, तर ऑरसाहेबांच्या नियमानं ११ मीटर हवे होते. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारला जे मोजता आलं ते आपल्याला सोडून द्यावंसं वाटलं, कारण पुनर्वसनाच्या इमारती जितक्या दाटीनं बसतील तितकी जमीन विकायला मोकळी होते. तिथल्या खालच्या मजल्यांवर, उजेड आणि हवा नसलेल्या खोल्यांत क्षयरोग जास्त आढळतो, हे डॉक्टरांच्या पाहणीत पुढे आलंय. १८९८ ला ज्या भीतीनं ट्रस्ट निघाला, त्याच भीतीपाशी आपण परत आलो.

अशा खोलीत राहणाऱ्याला "एसी वाईट, निसर्गाची हवा घ्या" हे सांगणं म्हणजे चेष्टा आहे. कुठली हवा? त्याला एसीची गरज मरीन ड्राइव्हवाल्यापेक्षा जास्त आहे. आणि एसी काय करतो? तो उष्णता नाहीशी करत नाही, उचलून बाहेर टाकतो, वर स्वतःच्या विजेची भर घालून. दीड टनाचं यंत्र आतून सव्वापाच किलोवॅट उष्णता उपसतं आणि बाहेर साडेसहा-सात किलोवॅट फेकतं. मोकळ्या समुद्रावर फेकली तर कोणाला कळणारही नाही. तीन मीटरच्या फटीत फेकली तर समोरच्याच्या खिडकीत जाते. व्हरांड्यातला दोरी ओढणारा माणूस आठवा. तो गेला म्हणतो आपण, पण एकाच्या गारव्याचा घाम दुसऱ्याच्या अंगावर, हा व्यवहार तसाच आहे. फरक एवढाच की पंखेवाल्याला निदान पगार मिळायचा.

मग समोरचा काय करतो? तो खिडकी लावून घेतो. खिडकी लावली की खोलीत राहवत नाही. मग हप्त्यावर एसी. त्याचं बाहेरचं यंत्र बसतं त्याच फटीत, पहिल्याच्या समोर. नळ्या भिंतीवर, खाली पाणी ठिबकतंय, आणि तळमजल्यावर ज्याला हप्ता परवडत नाही तो पंख्याखाली ओलं फडकं अंगावर घेऊन पडलाय. ओलं फडकं मुंबईत फारसं चालत नाही, हे आपण सुरुवातीलाच पाहिलं.

एवढं सांगून थांबतो. पुढच्या वेळी याच फटीचे नियम, म्हणजे विकास नियंत्रण नियमावली कशी आणि कोणासाठी बदलत गेली ते बघू. आता प्रश्न असतील तर विचारा.